बाणाच्या शेपटीवरचा दिवा : अमेरिकेतील एका वादाचा इतिहास

१/ शरयूच्या काठी, अंधारात, घडा भरण्याचा आवाज ऐकून तरुण दशरथाने बाण सोडला. हत्ती पाणी पीत असावा, असा त्याचा समज झाला होता. बाण लागला तो आंधळ्या आईवडिलांसाठी पाणी भरणाऱ्या मुलाला. वाल्मीकींनी या मुलाचे नाव दिलेले नाही. मराठी घरांत तो श्रावणबाळ म्हणून ओळखला जातो. आपला बाण कुठे लागला, हे दशरथाला कळले ते किंकाळी ऐकू आल्यावर.

२/ सोडलेला बाण कुठे लागला हे शिकाऱ्याला दिसले पाहिजे का? आणि ते दिसावे म्हणून त्याने बाणालाच दिवा लावला, तर ते योग्य की अयोग्य? या शतकाच्या पहिल्या दीड दशकात अमेरिकेत हा प्रश्न राज्यांच्या वन्यजीव आयोगांपुढे आणि धनुर्धारी शिकाऱ्यांच्या संघटनांत गांभीर्याने लढवला गेला. वादाचे कारण ठरलेली वस्तू जेमतेम दीड ग्रॅम वजनाची होती. तिच्यामागचा इतिहास मात्र सव्वाशे वर्षांचा आहे. #थ्रेड #इतिहास

३/ प्रथम ती वस्तू. बाणाच्या मागच्या टोकाला एक खाच असते. तिच्यात धनुष्याची दोरी बसते. या भागाला नॉक म्हणतात. प्रकाशमान नॉकमध्ये प्लास्टिकच्या पारदर्शक तुकड्याच्या पोटात एक सूक्ष्म एलईडी आणि सुईएवढी लिथियमची बॅटरी बसवलेली असते. दोरी सुटताना बाणाला जो हिसका बसतो, त्याने आतला संपर्क जुळतो आणि दिवा पेटतो. धनुष्य ताणलेले असेपर्यंत तो विझलेलाच असतो. बाण सुटल्यावर लाल किंवा हिरवी रेघ हवेतून जाताना दिसते आणि बाण जिथे पडेल तिथे तो दिवा तासन्‌तास तेवत राहतो.

४/ याची गरज का पडावी? आधुनिक धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला ८० ते ९० मीटर वेगाने जातो. वीस मीटरवर उभ्या असलेल्या हरणापर्यंत पोचायला त्याला सुमारे पाव सेकंद लागतो. त्यातच हरणे हिंडतात ती मुख्यतः पहाटे आणि कातरवेळी. बहुतेक राज्यांत सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढाच काळ हरणाच्या शिकारीला वैध मानला जातो. म्हणजे अनेक बाण सुटतात ते नेमके अशा वेळी, जेव्हा रंग विरून गेलेले असतात आणि केवळ आकृती उरलेल्या असतात.

५/ बंदुकीची गोळी आघातानेही प्राणी पाडते. बाण मात्र धारदार पात्यांनी रक्तवाहिन्या कापून मारतो. त्यामुळे बाण लागलेले हरीण बहुधा तत्काळ कोसळत नाही, पळते. फुप्फुसातून बाण गेला असेल तर ते थोड्याच अंतरावर पडते. यकृताला लागला असेल तर काही तास जगते. पोटात किंवा आतड्यांत लागला असेल तर त्याहूनही अधिक. अशा हरणाचा लगेच माग काढला, तर ते उरलेल्या बळानिशी उठून दूर जाते आणि कुणाच्याही हाती न लागता मरते.

६/ म्हणून अनुभवी शिकारी बाण सोडल्यावर झाडावरून उतरण्याची घाई करत नाही. तो आधी पुरावा वाचतो. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुस सांगते, काळपट लाल रक्त यकृत सांगते, हिरवट अंश आणि दुर्गंधी पोट सांगते. त्यावरून त्याला ठरवायचे असते : अर्ध्या तासाने निघायचे, की सकाळपर्यंत थांबायचे. या निर्णयाचा पहिला पुरावा म्हणजे बाण नेमका कुठे लागला ते, आणि दुसरा म्हणजे आरपार जाऊन पडलेला बाण. पेटता नॉक हे दोन्ही पुरावे हाती देतो.

७/ प्रश्न किती मोठा आहे? मेरीलँड राज्यातील इंडियन हेड या नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ या काळात धनुर्धारी शिकाऱ्यांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या गेल्या. हे शिकारी आधुनिक साधने वापरणारे आणि नेमबाजीची परीक्षा देऊन आलेले होते. तरीही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे त्यांच्या हाती लागली नाहीत. जुन्या साधनांच्या काळातील अनेक पाहण्यांत हे प्रमाण याहून बरेच अधिक आढळले होते. वादात पणाला लागलेली गोष्ट हीच होती : जखमी होऊन अंधारात हरवणारे जनावर.

८/ मग अशा दिव्यावर बंदी का? उत्तरासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरोंडॅकच्या सरोवरांवर तेव्हा रात्रीची शिकार जोरात चाले. नावेच्या टोकाला दिवा लावायचा, आवाज न करता काठाकाठाने सरकायचे. पाण्यावर आलेले हरीण उजेडाकडे पाहत खिळून उभे राही, त्याचे डोळे चमकत, आणि त्या दोन ठिपक्यांमध्ये गोळी घातली जाई. या पद्धतीला ‘जॅकलाइटिंग’ म्हणत. हरणाला पळण्याची संधीच उरत नसे.

९/ १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन झाला. ‘फेअर चेस’, म्हणजे न्याय्य पाठलाग, ही कल्पना या मंडळींनी रुजवली. प्राण्याला निसटण्याची खरी संधी असेल तरच शिकार प्रतिष्ठेची, हा तिचा गाभा. बाजारासाठी चाललेल्या बेसुमार कत्तलीने तेव्हा हरणांची संख्या ढासळली होती. क्लबच्या सदस्यांनी नेट लावला आणि १८९७ मध्ये न्यूयॉर्कने अ‍ॅडिरोंडॅकमधील दिव्याची आणि शिकारी कुत्र्यांची हरणशिकार कायद्याने थांबवली. पुढे दिवा लावून हरीण मारणे हा अमेरिकेत सर्वसाधारणपणे गुन्हा ठरला. शिकारीच्या नीतिशास्त्रात ‘उजेड’ हा शब्द कलंकित झाला तो तेव्हापासून.

१०/ परंतु उजेडाचा हा कलंक सर्वांना मान्य नव्हता. विस्कॉन्सिनमध्ये लॅक डू फ्लाम्बो नावाचे ठिकाण आहे. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ ‘मशालींचे सरोवर’. ओजिब्वे लोक रात्री नावेत मशाली पेटवून मासे मारत. ते पाहून फ्रेंच व्यापाऱ्यांनी हे नाव दिले. हरणाची शिकारही ओजिब्वे त्याच मशालींच्या उजेडात करत. त्यांच्यासाठी शिकार हा क्रीडाप्रकार नव्हता, हिवाळ्याचे अन्न होते. ‘न्याय्य पाठलाग’ हे मूल्य एका विशिष्ट काळात, एका विशिष्ट वर्गाने घडवले, हे या वादाचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागते.

११/ आता धनुष्य. एकोणिसाव्या शतकाअखेर बंदुकीने धनुष्याला अमेरिकेच्या जंगलातून जवळपास हद्दपार केले होते. ते परत कसे आले, ही कथा विलक्षण आणि वेदनादायी आहे. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक भुकेला, एकटा माणूस सापडला. याही जमातीचा तो अखेरचा माणूस मानला जातो. बाकीचे गोऱ्या वसाहतकारांनी केलेल्या हत्याकांडांत, उपासमारीत आणि रोगराईत संपले होते. आपले नाव त्याने सांगितले नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’.

१२/ सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात इशीची राहण्याची सोय झाली. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करत आणि त्याच्याकडून धनुष्य घडवायला व शिकार करायला शिकत. लपून बसायचे, प्राण्यांचा आवाज काढून त्यांना जवळ बोलवायचे आणि अगदी जवळून बाण सोडायचा, ही इशीची रीत. मार्च १९१६ मध्ये इशी क्षयाने वारला. १९२३ मध्ये पोप यांनी धनुष्यबाणाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला. त्यांनी आणि त्यांचे सोबती आर्थर यंग यांनी मिळून या शिकारीला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली.

१३/ प्रतिष्ठेपाठोपाठ मागणी आली : धनुर्धाऱ्यांसाठी स्वतंत्र शिकारीचा हंगाम. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने सॉक आणि कोलंबिया या दोन परगण्यांत केवळ धनुष्यबाणासाठी हरणाचा हंगाम जाहीर केला. आधुनिक अमेरिकेतील हा असा पहिला हंगाम मानतात. या मागणीमागचा युक्तिवाद महत्त्वाचा आहे. धनुष्य दुबळे, त्याचा पल्ला थोडा, त्याने मरणारी हरणे थोडी. म्हणून धनुर्धाऱ्यांना अधिक दिवस मिळाले तरी कळपाचे नुकसान होणार नाही. शस्त्राची मर्यादा हाच त्या सवलतीचा पाया होता.

१४/ पुढील सर्व वादांची किल्ली या सौद्यात आहे. धनुष्य दुबळे राहील तोवर हंगाम लांब राहील. धनुष्यात एकेक सुधारणा होत गेली आणि ते बंदुकीच्या जवळ पोचले, तर वेगळा हंगाम का द्यायचा, असे बंदूकधारी शिकारी विचारणारच. त्यामुळे नव्या साधनाला होणारा विरोध हा केवळ जुन्याचा हट्ट नव्हता. मिळालेले दिवस गमावण्याचे भयही त्यात होते.

१५/ याच विस्कॉन्सिनमध्ये आल्डो लिओपोल्ड राहत. वन्यजीव व्यवस्थापनाचे ते आद्य प्राध्यापक. स्वतः धनुष्य घडवणारे शिकारी. त्यांच्या पत्नी एस्टेला याही निष्णात धनुर्धर. १९४९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी शिकाऱ्यांच्या यंत्रवेडावर बोट ठेवले. साधने कौशल्याला साहाय्य म्हणून आली आणि कौशल्याची जागा घेऊन बसली, अशी त्यांची तक्रार होती. प्रकाशमान नॉकच्या विरोधकांना अर्ध्या शतकानंतर हाच विचार आधाराला आला.

१६/ १९६१ मध्ये ग्लेन सेंट चार्ल्स यांच्या पुढाकाराने पोप अँड यंग क्लब स्थापन झाला. धनुष्यबाणाने मारलेल्या मोठ्या प्राण्यांच्या नोंदी ठेवणे हे त्याचे काम. नोंद हवी असेल तर शिकार ‘फेअर चेस’च्या नियमांत बसली पाहिजे. सापळ्यात, खोल बर्फात किंवा पाण्यात असहाय झालेला प्राणी चालणार नाही. कुंपणात कोंडलेला चालणार नाही. मोटारीतून वा यांत्रिक नावेतून मारलेला चालणार नाही. विष किंवा गुंगीचे औषध चालणार नाही. रात्री दिवा दाखवून मारलेला चालणार नाही. आणि ज्या धनुष्याला वा बाणाला कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण जोडले आहे, त्याने मारलेलाही चालणार नाही.

१७/ शेवटचे कलम वाचताना एक फरक दिसतो. आधीची कलमे कृत्याविषयी आहेत : असहाय प्राण्यावर बाण सोडू नये, दिपवून मारू नये. इलेक्ट्रॉनिक्सचे कलम वस्तूविषयी आहे. ती वस्तू काय करते, केव्हा करते, हे ते विचारत नाही. जोडलेली आहे, एवढेच त्याला पुरते. हा नियम लिहिला गेला तेव्हा यातून अडचण उद्भवेल असे वाटण्याचे कारण नव्हते.

१८/ दरम्यान धनुष्यच बदलले. मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर अ‍ॅलन या शिकाऱ्याने धनुष्याच्या दोन्ही टोकांना विकेंद्री चाके बसवली. १९६६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळाले. हेच कंपाउंड धनुष्य. साध्या धनुष्यात दोरी जितकी मागे ओढावी तितका भार वाढतो. कंपाउंडमध्ये पूर्ण ताण दिल्यावर भार एकाएकी उतरतो. ६० पौंडांचे धनुष्य ८० टक्के भार उतरवणारे असेल, तर पूर्ण ताणलेल्या स्थितीत बोटांवर अवघे १२ पौंड उरतात. शिकारी शांतपणे, अधिक वेळ नेम धरू शकतो.

१९/ शिकारीच्या इतिहासात धनुष्याला याहून मोठे साहाय्य क्वचितच मिळाले असेल, आणि ते सर्वस्वी बाण सुटण्याच्या आधीचे साहाय्य आहे. तरीही वाद होऊन अखेर कंपाउंड स्वीकारले गेले. भार किती टक्के उतरावा, यावर पोप अँड यंग क्लबने दीर्घकाळ ६५ टक्क्यांची मर्यादा ठेवली. या शतकाच्या आरंभी तीही सैल करून, अशा नोंदींपुढे फक्त तारकाचिन्ह घालण्याचे ठरले. त्याच काळात बाण सुटल्यानंतर पेटणारा दिवा मात्र निषिद्ध होता. एकात बॅटरी नव्हती, दुसऱ्यात होती. फरक एवढाच.

२०/ राज्यांचे कायदेही याच धर्तीचे होते. आयडाहो, ओरेगन, वॉशिंग्टन, मोंटाना, कोलोरॅडो या पश्चिमेकडील राज्यांत धनुष्याला वा बाणाला इलेक्ट्रॉनिक किंवा बॅटरीवर चालणारे उपकरण जोडण्यास मनाई होती. आयडाहोच्या नियमात तर ट्रिटियमचाही उल्लेख आला; कारण ट्रिटियमच्या किरणोत्साराने बॅटरीवाचूनही उजेड पडतो. वस्तूंची यादी करून नीती सांगू पाहणाऱ्या कायद्याला प्रत्येक नव्या वस्तूमागे असे धावावे लागते.

२१/ प्रकाशमान नॉक बाजारात पसरले आणि प्रश्न ऐरणीवर आला. समर्थकांचा युक्तिवाद सरळ होता. हा दिवा हरीण शोधत नाही, त्याला दिपवत नाही, अंतर मोजत नाही, नेम धरत नाही. उलट शेपटीकडचे वजन वाढवून बाणाचा तोल किंचित बिघडवतोच. तो पेटेपर्यंत प्राण्याला निसटण्याची जी संधी मिळायची ती मिळून गेलेली असते. त्यानंतर उरते ते शिकाऱ्याचे कर्तव्य : जखमी प्राणी शोधणे. कर्तव्य पार पाडायला मदत करणारी वस्तू अन्याय्य कशी?

२२/ या समर्थकांनी जुन्या रीतींकडेही बोट दाखवले. बाणाला पांढरी किंवा भडक पिसे लावण्याची पद्धत जुनीच. ती उडताना आणि पडल्यावर बाण दिसावा म्हणून. काहींनी बाणाला बारीक दोऱ्याचे रीळ जोडले होते. प्राणी पळाला की दोरा उलगडत जाई आणि माग सापडे. हेतू तोच, मार्ग निराळा. पिसांना आक्षेप नाही, तर दिव्याला का?

२३/ विरोधकांची बाजूही पोकळ नव्हती. पहिला आक्षेप उताराचा : आज दिवा, उद्या अंतर मोजणारे यंत्र, परवा स्वतः नेम धरणारे धनुष्य, बॅटरीला एकदा दार उघडले की ते कुठे बंद करणार? दुसरा आक्षेप हंगामाचा : धनुष्य साधे राहिले नाही तर लांब हंगाम टिकणार नाही. तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत गंभीर होता. तो शिकाऱ्याच्या मनाविषयी होता.

२४/ दिवा बाण सुटल्यावर पेटतो हे खरे. पण तो पेटणार आहे, हे शिकाऱ्याला आधीच ठाऊक असते. उजेड जवळजवळ गेलेला आहे, हरीण थोडे दूर आहे, एरवी त्याने धनुष्य खाली घेतले असते. ‘बाण कुठे लागला ते कळेलच’ या भरवशावर तो दोरी सोडतो. मग माग काढण्याचे साधन घाई करण्याचे निमित्त होते. यंत्र नंतर काम करते. त्याचा मोह आधी काम करतो. समर्थकांजवळ या आक्षेपाला पुरते उत्तर नव्हते. धनुष्य खाली घेण्याचा निर्णय शेवटी माणसाचा, एवढेच ते म्हणू शकत होते.

२५/ तेही थोडे नाही. लिओपोल्ड यांनीच मांडलेला एक विचार येथे लागू पडतो : इतर खेळांत प्रेक्षक असतात, शिकाऱ्याला नसतात. त्याच्या वर्तनाचा न्याय त्याच्या सदसद्विवेकालाच करावा लागतो. बाण कुठे लागला, हे न कळण्यात एक सोय दडलेली असते. ‘बहुधा चुकला असावा’ असे म्हणून घरी जाता येते. पेटता नॉक ती सोय काढून घेतो. हरणाच्या पोटात शिरलेला लाल ठिपका झाडीत दिसेनासा होताना ज्याने पाहिला, त्याला ‘चुकला असावा’ म्हणता येत नाही.

२६/ २०१४ मध्ये पोप अँड यंग क्लबच्या सदस्यांनी मतदान करून नियम बदलला. इलेक्ट्रॉनिक उपकरणांची सर्वसाधारण मनाई कायम राहिली. मात्र प्रकाशमान नॉक आणि चित्रण करणारे कॅमेरे यांना अपवाद मिळाला. अट अशी, की त्यांनी लक्ष्याच्या दिशेने उजेड टाकता कामा नये आणि अंतर मोजण्यास, नेम धरण्यास वा बाण सोडण्यास मदत करता कामा नये.

२७/ ही अट इतिहासाच्या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. तिच्या पहिल्या भागात अ‍ॅडिरोंडॅकची ती नाव आहे : उजेड प्राण्यावर पडू नये. दुसऱ्या भागात विस्कॉन्सिनचा सौदा आहे : धनुष्याचे दुबळेपण टिकावे. या दोन जुन्या भयांना धक्का न लावता नवी वस्तू आत घेतली गेली. ‘बॅटरी आहे का’ हा प्रश्न मागे पडून ‘हा उजेड केव्हा पडतो आणि कशावर पडतो’ हा प्रश्न पुढे आला. पश्चिमेकडील ज्या राज्यांची नावे वर आली, त्यांनीही आपल्या मनाईतून प्रकाशमान नॉकला वगळले.

२८/ मग तो उतार? त्याची परीक्षा लवकरच झाली. २०१८ मध्ये धनुष्यावर बसवायचे असे उपकरण बाजारात आले, जे लेझरने अंतर मोजते आणि नेम कुठे धरायचा तो बिंदू शिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे उजळून दाखवते. विरोधकांनी वर्तवलेली ‘उद्या’ची वस्तू हीच. क्लबच्या अटीवर मात्र ती उतरली नाही, कारण ती नेम धरायला मदत करते. बॅटरीपाशी आखलेली रेघ पुसली गेली, तरी कृत्यापाशी आखलेली रेघ टिकली. अर्थात विरोधकांचे भय निराधार नव्हते, हेही यातून सिद्ध झाले.

२९/ योगायोग असा, की उजेडाचा आणखी एक निकाल क्लबने नियम बदलला त्याच वर्षी लागला. ओजिब्वेंनी १८३७ आणि १८४२ च्या करारांत जमीन देताना शिकारीचे हक्क राखून ठेवले होते. तरी विस्कॉन्सिनमध्ये त्यांची रात्रीची हरणशिकार सुरक्षिततेच्या कारणावरून अडवली गेली होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये संघराज्याच्या सातव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने ही अडवणूक मान्य केली नाही आणि पुढील वर्षी या शिकारीचा मार्ग मोकळा झाला. एका समाजाने जो उजेड कलंक मानला, तो दुसऱ्या समाजाचा कराराने राखलेला हक्क ठरला.

३०/ भारतातील वाट निराळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंद केली. येथे बाणावर दिवा असो वा नसो, हरीण मारणे गुन्हाच आहे. त्याच १९७२ मध्ये अमेरिकेने १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा विस्तार करून धनुष्यबाणांच्या विक्रीवर ११ टक्के कर बसवला आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. एका देशाने वन्यजीव वाचवण्यासाठी शिकारी थांबवला. दुसऱ्याने त्याच कामाचा खर्च शिकाऱ्याकडून वसूल केला. प्रकाशमान नॉकचा वाद अमेरिकेतच का पेटला, याचे एक कारण या फरकात आहे.

३१/ तरी या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. मिसुरीच्या शिकाऱ्याने हरणांसाठी घडवलेले कंपाउंड धनुष्य पुढे मैदानी खेळाचे झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे एकाच दिवशी याच धनुष्याने जगज्जेते झाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही मिश्र सांघिक प्रकारात कंपाउंडला प्रवेश मिळाला आहे. आणि जागतिक धनुर्विद्येच्या नियमांत प्रकाशमान नॉकला आजही मनाई आहे.

३२/ या मनाईत विसंगती नाही. मैदानावर लक्ष्य कागदाचे असते. बाण कुठे लागला हे पंच पाहतो, आणि तो चुकला तर गुण जातात, जीव जात नाही. उडत्या बाणाचा मार्ग उजळून दिसला तर खेळाडूला पुढचा बाण सुधारण्याची मदत होऊ शकते. म्हणजे तोच दिवा तेथे पुढच्या बाणाच्या आधीचे साहाय्य ठरतो. वस्तू एकच; जंगलात ती कर्तव्याच्या बाजूला पडते, मैदानात लाभाच्या.

३३/ म्हणून धनुर्धारी शिकाऱ्यांना प्रकाशमान नॉक वापरू द्यावा का, या प्रश्नाला इतिहासाने दिलेले उत्तर ‘होय’ असले तरी ते अटीचे आहे. जिथे शिकार कायद्याने मान्य आहे, तिथे सावज शोधणारा उजेड आणि स्वतःचे कृत्य दाखवणारा उजेड यांत भेद केला पाहिजे. दुसऱ्या उजेडाला परवानगी देताना, त्याच्या भरवशावर सोडलेला उशिराचा बाण हा चुकीचाच बाण आहे, हेही शिकवले गेले पाहिजे.

३४/ शरयूकाठी दशरथाजवळ दिवा नव्हता. शब्दवेधी विद्येचा अभिमान होता. त्याचा दोष किंकाळी ऐकल्यावर सुरू झाला नाही. न पाहता बाण सोडला, तेथेच तो घडला होता. पण किंकाळी ऐकून तो पळाला नाही. अंधारात आवाजाच्या रोखाने गेला, बाण कुठे लागला ते त्याने पाहिले, आणि भरलेला घडा घेऊन त्या आंधळ्या आईवडिलांपुढे उभा राहिला.
#थ्रेड_समाप्त